बिनउंबऱ्याचं घर

'उद्या सकाळी सहा वाजता आपल्या खोलीची पूर्वेकडील भिंत पाडण्यात येईल. तरी आपण आपले सामान आज सायंकाळपर्यंत पडवीत हलवावे. तसदीबद्दल क्षमस्व.'

बालाघाटला राहायला गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मला हे पोस्टकार्ड मिळालं. वर माझं नाव, हुद्दा, घराचा पूर्ण पत्ता, सगळं सुवाच्य अक्षरात. छापील तिकिटावर शिक्का मात्र नव्हता, कारण ते टपालातून आलंच नव्हतं. घरमालकांनी ते स्वतः आणून दिलं होतं. सकाळी दहा वाजता खाकी शर्ट चढवून ते मधल्या खोलीतून माझ्या खोलीपर्यंत आले, दारावर दोनदा टकटक केली, "चिठ्ठी" म्हणाले, कार्ड हातात दिलं आणि गेले. मी वाचून मधल्या खोलीत गेलो, तर शर्ट खुंटीला टांगून ते बशीतून चहा पीत बसले होते.

"काकाजी, हे तोंडी सांगता आलं असतं की."

"तोंडी सांगतलेलं माणूस इसरते," ते म्हणाले. "लिहून देल्लं का इसरायची सोय राह्यत नाई."

गाव त्यांना डाकबाबू म्हणायचं. तीसेक वर्षं त्यांनी पोस्टमनकी केली होती. आधी किरनापुरकडची खेडी, मग काही वर्षं बैहरचं जंगल, शेवटी बालाघाट शहर. निवृत्त झाल्यावर सायकल आणि खाकी शर्ट तेवढे त्यांनी ठेवले, आणि आपलं चार खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या छपराचं जुनं घर स्वतःच्या हातांनी नवं करायला घेतलं. तेही त्याच घरात राहून, आणि वर एक भाडेकरू ठेवून. तो भाडेकरू मी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी कालव्याच्या कामावर सब-इंजिनियर होतो, रोज जीपने लालबर्ऱ्याकडे जायचो. मूळचा जबलपूरचा. आमच्या घरी मराठी फक्त पूजेला आणि भांडणाला वापरत, बाकी सगळं हिंदीत चालायचं. त्यामुळे काकाजींची मराठी ऐकताना पहिले काही दिवस मला अर्धं कळायचं आणि उरलेलं मी अंदाजाने भरून काढायचो.

ऑफिसात हेडक्लार्कने मला सावध केलं होतं. "साहब, वहाँ काहे फँस गए? वो बुड्ढा एक दिन आपको भी ईंट-गारे में चुन देगा." मी हसलो होतो. नंतर अंघोळीच्या खोलीवरचं छप्पर काढलेलं असताना, डोक्यावर कावळा बसलेला आणि अंगाला साबण, अशा अवस्थेत मला त्याचं म्हणणं आठवलं.

पण काकाजी कशासाठी हे करताहेत, हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नव्हतं. खोली दाखवायच्या आधीच अंगणात उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

"माह्या बायकोचे डोळे जाऊन राह्यले. काचबिंदू. नागपूरचा डाक्टर म्हणते, गेली ते नजर वापस येत नाई, उरली ते किती दिवस पुरते सांगता येत नाई. पोरगा भिलाईले आहे. चांगला आहे, म्हणते चला माह्या क्वार्टरात. तिले जायचं नाई. मंग पोरानं म्हटलं, ठीक आहे, राहा. पण आई एकदा जरी पडली, तर मी दोघायले उचलून घेऊन जाईन. आता ती पडली नाई पाह्यजे, असं घर करून राह्यलो मी. तुमाले धूळ चालत असन तर राहा."

धूळ मला चालत नव्हती. पण भाड्याने द्यायला दुसरं घर कुणाकडे नव्हतं, आणि या बोलण्यानंतर नाही म्हणवेना, म्हणून राहिलो.

काकी बुटक्या, चपळ, आणि जिभेच्या तिखट. स्वयंपाक करताना भांड्यांशी बोलायच्या, आणि भांडी उत्तर देत नाहीत म्हणून त्यांच्यावर रागवायच्या. भिलाईला का जायचं नाही, हे मी एकदा विचारलं. त्यांनी पोळी उलटली आणि सरळ सांगितलं, "तिथं मले संडासले जायाले सून लागन. हात धरून नेईन बिचारी, वाईट नाई थे. पण रोज? इथं मी एकटी जातो." त्या भागातल्या बाया बोलताना कधी 'जातो' म्हणत, कधी 'जाते'. मला एवढंच कळलं की या घरातली सगळी तोडफोड, सगळी माती आणि धूळ, स्वयंपाकघरापासून अंगणाच्या टोकाशी असलेल्या संडासाच्या पत्र्याच्या दारापर्यंत एका बाईला एकटीने जाता यावं, एवढ्यासाठी चालली होती.

सुरुवातीला काकाजींनी एक मिस्त्री बोलावला होता म्हणे. त्याने घर पाहिलं आणि म्हणाला, "पहले पूरा घर खाली करो, तीन महीने में बना देंगे." काकाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. कारण त्यांची सगळी योजना घर खाली न करण्यावर उभी होती. काकींना अजून थोडं दिसत होतं. प्रत्येक खोली नवी झाली की त्यांनी ती लगेच वापरायची, रोज तिच्यातून ये-जा करायची, म्हणजे नजर आहे तोवरच पायांना सवय लागेल. मग पुढची खोली. एका वेळी एकच. "डोळे आहेत तवर पायाले शिकवून ठेवाचं," ते म्हणायचे. "तीन महिन्यानं नवीन घर तिच्या हाती देल्लं, तर थे भिलाईसारखंच परकं नाई झालं काय?"

म्हणून आम्ही तिघं त्या घरात फिरतीवर असायचो. काकाजी याला बदली म्हणत. "या महिन्यात तुमची बदली पडवीत. आमची बदली तुमच्या खोलीत." चूल, ट्रंक, बुद्धाची तसबीर, माझी नकाशांची गुंडाळी, लोणच्याची बरणी, सगळं एकत्र हलायचं. एकदा माझ्या कालव्याच्या नकाशावर हळदीचा डाग पडला तो कायमचाच. साहेबांनी विचारलं हे काय, तर मी म्हटलं, मातीचा प्रकार दाखवलाय.

मातीचं काम काकाजी बैहरकडच्या गावांतून शिकले होते. टपाल वाटता वाटता कुणाच्या अंगणात बसून, भिंत छाबणाऱ्या, म्हणजे लिंपणाऱ्या, बायांना विचारून विचारून. माती भिजवून, तणस म्हणजे भाताचा पेंढा घालून ते आठवडाभर मुरत ठेवायचे आणि रोज पायाने तुडवायचे. सिमेंट फक्त जमिनीला. आणि प्रत्येक खोलीची जमीन वेगळी. स्वयंपाकघराची घोटून गुळगुळीत केलेली, मधल्या खोलीत झाडूचे उभे फराटे ओढलेली, पडवीत नदीचे बारीक गोटे दाबलेली. अंगणात संडासापर्यंत आडव्या विटांची पट्टी. मला वाटायचं, म्हाताऱ्याला एक काही धड जमत नाही म्हणून हे प्रकार चाललेत. तसं मी बोलूनही गेलो.

"पायाले पत्ता समजला पाह्यजे," ते म्हणाले. "पायाखाली गोटे लागले का पडवी. फराटे लागले का मधली खोली. तिले कोणाले इचारा लागू नये."

माझं शिक्षण मला स्वस्थ बसू देईना. मोजमापावरून आमचं पहिलं भांडण झालं. ते टेप वापरत नसत. त्यांच्याकडे एक बांबू होता, त्यावर चाकूने खुणा केलेल्या. काकींना पाय ओले करून कोरड्या फरशीवर चालायला लावायचं, ओल्या ठशांमधलं अंतर बांबूवर घ्यायचं, आणि त्या मापाने दार, चूल, पाण्याचा माठ, सगळं ठरवायचं. पलंगापासून दार सहा पावलं, दारापासून माठ चार. अर्धं पाऊल कुठे उरता कामा नये. मी म्हटलं, काकाजी, फुटात मोजा, हिशेब सोपा जातो.

"फूट म्हंजे पायच ना?"

"हो."

"कोणाचा पाय?"

मी हातातल्या टेपकडे पाहिलं.

"असन कोण्या साहेबाचा," ते बांबू उचलत म्हणाले. "माह्या घरात थो साहेब चालत नाई."

काम झालेल्या खोलीतून काकी पहिल्यांदा चालायच्या तेव्हा काकाजी दाराशी उभे राहून ओठांतल्या ओठांत पावलं पुटपुटायचे. काकींचा हात बरोबर माठावर पडला, की ते पोस्टातला शब्द काढायचे. म्हणायचे, "पोचली." दुसरं कौतुक नाही. काकी चिडायच्या. "मी काय पार्सल आहो?" पण त्यांचा चेहरा खुललेला असायचा, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि उंबरे. त्या घरात एकाही दाराला उंबरा नव्हता. होते ते काकाजींनी सर्वांत आधी काढून टाकले, खोल्यांचं काम सुरू करण्याच्याही आधी. सागवानी, जुने, मधे झिजलेले उंबरे. त्यांच्या फळ्या जोडून मागच्या दाराबाहेर काकींना बसायला एक बाक केला. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. बिनउंबऱ्याचं घर म्हणजे घर काय, गोदाम काय. साप-विंचू येतील, पाणी येईल. एका बाईने तर विचारलं, सणाला रांगोळी कुठे काढणार. काकी म्हणाल्या, "अंगण गंज मोठं आहे, तिथं काढू."

मला वाटलं, काकींनी ठेचकाळू नये म्हणून उंबरे काढलेत. ते खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं, आणि उरलेलं मला कळेपर्यंत मी एक गाढवपणा करून बसलो.

त्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला. मागच्या अंगणाचा उतार घराकडे होता. पाणी सरळ मागच्या दारातून आत आलं आणि नव्या घोटलेल्या जमिनीवर पसरलं. काकाजींनी खराट्याने ते बाहेर लोटलं. पुन्हा आलं, पुन्हा लोटलं. मी पाहत होतो. पाणी हा माझा विषय. अडवायचं कसं, वळवायचं कसं, याचाच मी पगार घेत होतो.

पुढच्या आठवड्यात ते दोघं चार दिवसांसाठी नागपूरला गेले, डोळे दाखवायला. मी घरी एकटा. मला वाटलं, या दोघांनी मला घरातल्यासारखं ठेवलंय, आपणही काहीतरी करावं. खोटं कशाला सांगू, त्यात थोडी मिजासही होती. म्हाताऱ्याला दाखवायचं होतं की शिकलेला माणूस काम कसं करतो. रविवारी मी विटा आणल्या, उरलेलं सिमेंट कालवलं, आणि मागच्या दाराला चार इंच उंचीचा उंबरा बांधला. पाणसळ लावून. वरून नीरू मारून गुळगुळीत केला. इतकं सुबक काम मी कालव्यावरही कधी केलं नव्हतं. सुकल्यावर बाहेरून बादलीभर पाणी ओतून पाहिलं. थेंब आत आला नाही. काकाजींना उंबरा नको असतो, हे मला आठवत होतं, असं नाही की विसरलो होतो. पण मला तो त्यांचा हट्ट वाटला, आणि हट्टापेक्षा पाणी खरं.

ते बुधवारी दुपारी आले. मी मुद्दाम साइटवरून लवकर परतलो होतो. काकाजी रिक्षातून पिशव्या काढत होते. काकी पुढे झाल्या, चपला काढल्या आणि घरात शिरल्या. चार दिवस परक्या जागी हात धरून फिरवलं होतं त्यांना. आपल्या घरात पाय पडल्याबरोबर त्यांनी चालायला जी सुरुवात केली, ती अशी झपाट्याने, की मला बोलायलाही अवसर मिळाला नाही. पडवी, मधली खोली, स्वयंपाकघर. भिंतीला हात नाही, अंदाज घेणं नाही. मागच्या दाराशी त्या पोचल्या तेव्हा मी तोंड उघडलं, "काकी, जरा थांबा," आणि तेवढ्यात त्या पडल्या.

उजव्या हातावर पडल्या. उठून बसल्या, आणि डाव्या हाताने चाचपत म्हणाल्या, "हे काय आलं इथं?"

आजही तो प्रश्न आठवला की मला लाज वाटते. मी बांधलेली धरणं, कालवे, पूल, यांबद्दल कुणी मला विचारत नाही, पण तो चार इंचांचा उंबरा माझ्या अंगावर आहे.

काकाजी धावत आले. आधी त्यांनी काकींना बाकावर बसवलं. मग वाकून उंबऱ्यावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाणी येत होतं म्हणून," मी म्हटलं.

"हौ," ते म्हणाले. बस, एवढंच.

मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालून परत आल्यावर मी वाट पाहत होतो की आता बोलतील, शिव्या देतील, खोली सोडायला सांगतील. मी ट्रंक भरूनही ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दारावर दोनदा टकटक झाली. "चिठ्ठी."

'उद्या सकाळी सहा वाजता मागील दाराचा उंबरा काढण्यात येईल. आपण हजर राहावे.'

या कार्डावर तसदीबद्दल काही नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी दुसरं एक कार्ड लिहायला घेतलं, मुलाला. काकी कळवळल्या. "अजी, नका ना लिहू. मी कुठी पडली? मी बसली. दारात बसली, असं समजा."

"तीस वर्षं लोकायच्या घरी वाईट खबरा नेऊन देल्या मी," काकाजी म्हणाले. "आता आपल्या घरची दाबून ठेवू काय?"

"थो आपल्याले घेऊन जाईन."

"येऊ दे. आल्यावर पाहू."

कार्ड पेटीत टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून मी वाचलं. 'तुझी आई मागच्या दारात पडली. मनगटाचे हाड चिरले. चूक घराची होती. दुरुस्त करीत आहोत.' मी ते परत त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, काकाजी, चूक माझी होती, तसं लिहा.

"तुमी या घरातच राह्यता ना?"

"हो."

"मंग घराचीच झाली."

मी कार्ड टाकून आलो आणि ट्रंक पुन्हा रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सहाला छिन्नी-हातोडा घेऊन आम्ही बसलो. मी फार पक्कं काम केलं होतं, फुटता फुटेना. काकाजी माझ्या हातून हातोडा घेत, मी त्यांच्या हातून. मधे दम खायला थांबलो तेव्हा ते बोलले, उंबऱ्याकडे बघत.

"किरनापुरकडं एक घर होतं. मोठे लोक. मी चिठ्ठी घेऊन जावो, तर उंबऱ्याच्या बाहेर उभं राहा लागे. आमच्या जातीचा पाय आत नाई पडला पाह्यजे. चिठ्ठी उंबऱ्यावर ठेवा, मांगं सरा, मंग थे उचलत. म्हातारीले वाचता ये नाई, तं म्हणे, तिथूनच वाच. मी बाहेरून मोठ्यानं वाचो. तिचा पोरगा फौजेत होता, तिले लिहे, आई, तुह्या हातचं खायाची आठवण येते. थे आत रडे, मी बाहेर उभा. पाच वर्षं." त्यांनी छिन्नी पुन्हा लावली. "उंबऱ्यानं माणूस अडते सायेब. पाणी नाई अडत. पाण्याले तं दुसरा रस्ता दाखवा लागते."

मी हातोडा घेतला आणि उरलेला अर्धा उंबरा फोडला.

मुलाचं उत्तर आठवड्यात आलं. बुद्धपौर्णिमेला येतो, दोघांना घेऊन जातो, सामान बांधून ठेवा. काकींनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी घालून डब्यात ठेवलं. सामान काही बांधलं नाही. काकाजींनी कॅलेंडर पाहिलं. "दीड महिना आहे," ते म्हणाले, आणि फावडं घेऊन मागच्या अंगणात गेले.

अख्ख्या अंगणाचा उतार उलटा करायचा होता. दाराशी उंच, टोकाशी खाली, आणि तिथून नालीत. उतार इतका हलका हवा, की पाणी जाईल पण पायाला कळणार नाही. हे काम माझं होतं आणि मला ते करायचं होतं. मी लेव्हलचं यंत्र तिपाईसकट घरी आणलं. काकाजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. मी दुर्बिणीतून पाहून सांगायचो, इथे अर्धा इंच काढा. ते आधी तांब्याभर पाणी ओतून बघायचे कुठे जातं, मग काढायचे. तांब्या आणि यंत्र एकच सांगतात असं चार-पाचदा झाल्यावर त्यांनी तांब्या बाजूला ठेवला, पण लांब नाही.

रोज सकाळी सहा ते नऊ आम्ही माती ओढली. एप्रिलचं ऊन सातलाच डोक्यावर यायचं. मी ऑफिसला जायचो, ते एकटेच दुपारपर्यंत करत राहायचे. साठीच्या पुढचा माणूस, बनियन घामाने चिकटलेलं, आणि थांबायचं नाव नाही. काकी गळ्यात हात अडकवून बाकावर बसायच्या, आणि काम झालेल्या पट्ट्यावरून अनवाणी चालून दाखवायच्या. एकदा मधेच थांबल्या. "इथं चढ आहे." मी म्हटलं, नाही काकी, यंत्राने पाहिलंय. "तुमच्या यंत्राले पाय आहेत काय?" मी पुन्हा यंत्र लावलं. पाव इंच चढ होता. काकाजी फावडं घेऊन आले, आणि माझ्याकडे न बघण्याचा त्यांनी फार मोठा प्रयत्न केला.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी विटांची पट्टी पुन्हा बसली. मागच्या दाराशी उभं राहून मी बादलीभर पाणी ओतलं. ते जरा रेंगाळलं, मग पट्टीच्या कडेने अंगणाच्या टोकाला गेलं आणि नालीत उतरलं. दारात एक थेंबही मागे आला नाही. काकाजी म्हणाले, "आता चुना." पुढचे चार दिवस आम्ही घराला चुना दिला, थोडी नीळ घालून.

मुलगा सकाळच्या बसने आला. उंच, भरलेला, बोलायला मऊ. आईचं नुकतंच प्लास्टर काढलेलं मनगट हातात घेऊन तो किती वेळ बसला होता. त्याच्यावर रागवावं असं काही नव्हतं त्याच्यात, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटत होती. वंदना झाली, खीर झाली. काकी पांढऱ्या लुगड्यात होत्या. मग तो म्हणाला, "आई, अब ज़िद नको करू. सामान कहाँ आहे? मला रात्री नींद येत नाही. फिर से पडली तर?"

काकी उठल्या. "एक चक्कर मारतो मी. पुढच्या दारापासून संडासपर्यंत, अन् वापस. तू माह्या मांगं ये. हात लावू नको. पडली, तं आजच्या बसनं चलतो."

"तुला अजून थोडं दिसतं ना, आई. पुढे काय?"

यावर काकींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, पार हनुवटीखाली, आणि टोक गळ्याशी खोचलं. पांढऱ्या कापडाआड चेहरा दिसेनासा झाला. मी काकाजींकडे पाहिलं. ते आज खाकी शर्ट घालून पुढच्या दाराशी बसले होते. ते उठले नाहीत. फक्त त्यांचे ओठ हलायला लागले.

काकी निघाल्या. पडवीत गोट्यांवरून त्यांची पावलं जरा हळू पडत होती, मधल्या खोलीत शिरल्यावर मोकळी झाली. मुलगा दोन्ही हात पुढे धरून त्यांच्या मागे, मी त्याच्या मागे. स्वयंपाकघर. माठापाशी त्यांनी जाता जाता झाकणाला बोट लावलं. मागचं दार आलं. त्या दारातून सरळ निघून गेल्या. विटांची पट्टी, अंगण, पत्र्याचं दार. त्याला हात लावून वळल्या आणि परत आल्या. मागच्या दारातून, माठावरून, मधल्या खोलीच्या दाराशी.

आणि तिथे मुलगा अडखळला.

जन्मापासून वीस वर्षं त्याने त्या दारातला उंबरा ओलांडला होता. जाताना आईकडे डोळे लावून पाय घसटत गेला, पण येताना त्याला खात्री वाटायला लागली असेल, लक्ष सुटलं असेल, आणि पायाने जुन्या सवयीने आपोआप उडी घेतली. नसलेल्या उंबऱ्यावरून उचललेलं पाऊल धाडकन खाली आलं. तोल गेला, खांदा चौकटीवर आपटला, आणि एवढा मोठा माणूस एका गुडघ्यावर बसला.

काकी थांबल्या. पदराआडूनच विचारलं, "कोण पडलं?"

"मी," तो म्हणाला. "आई, इथं उंबरा होता ना."

"होता." त्या मागे वळल्या. बरं झालेलं मनगट पुढे केलं, बरोबर त्याच्या डोक्यापाशी. "आता नाई. धर माह्या हाताले. अन् पाय उचलू नको, सरळ टाक."

त्याने हात धरला. उठला. काकी त्याला घेऊन निघाल्या, मधली खोली, गोट्यांची पडवी, आणि पुढच्या दाराशी, जिथून निघाल्या होत्या तिथेच येऊन उभ्या राहिल्या. मुलगा रडत होता आणि त्याने आईचा हात सोडला नव्हता. भिलाईचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

काकाजींचे ओठ थांबले. त्यांनी खाकी शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला.

"पोचली," ते म्हणाले.